पात्रं वाटून देताना

बाईंनी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं आणि पात्रं वाटायला घेतली. मालकीणबाई पहिल्या बाकावरच्या गोऱ्यापान मुलीला, गाडीवान खिडकीजवळच्या बडबड्याला, आणि मोठ्या घरात आईबरोबर राबणारी काळी पोर भाचीला. गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची, मुलांसाठी लिहिलेली. रंगावरून माणसं कशी विकली जात आणि मायलेकींची ताटातूट कशी होई, हे त्यात होतं. बाई दर वर्षी ती वर्गाकडून मोठ्याने वाचून घेत. अशा अन्यायाची चीड मुलांच्या अंगात भिनली पाहिजे, असं त्यांचं मत होतं आणि शिक्षकांच्या खोलीत ते सगळ्यांना पाठ झालं होतं.

भाची ही त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. शाळेत ‘बाई’ आणि घरी ‘आत्या’, यात तिची कधी गल्लत होत नसे. रंग तिने आईचा उचलला होता. भावाने त्या काळ्या मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा सगळ्या घराने नाकं मुरडली, एकट्या बाई त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. ही गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या आणि दुसऱ्या कोणाला विसरू देतही नव्हत्या.

चार दिवस घरी तयारी करून भाचीने वर्गात असं वाचलं की मागच्या बाकावरची दंगेखोर कार्टीही चिडीचूप झाली. ते कौतुक पोटात राहीना म्हणून बाई संध्याकाळी भावाच्या घरी गेल्या. भाची खेळायला गेली होती, भाऊ कामावरून यायचा होता. भावजय इस्त्री करत होती. तिने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

“ताई, घरी ती मालकीणबाईच वाचते. दुसरं काही वाचायला तयारच नसते.”

“मग त्या पोरीचं कोण वाचतं?”

“मी. पण काल म्हणाली, आई, तू वाचू नकोस. तू नुसती उभी राहिलीस तरी कळतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना निदान भांडता तरी आलं असतं. ती सगळ्यांत छान वाचते म्हणून दिलं गं, असं त्या म्हणाल्या. भावजयीने मान हलवली आणि पुढचा सदरा घेतला.

परतताना बाईंचे कान तापले होते. छान वाचणाऱ्या मुली वर्गात आणखीही होत्या. त्यांच्याकडे आपली नजरसुद्धा गेली नाही, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आज पात्रं बदलायची. मालकीणबाई भाचीकडे आली. पोरीचा चेहरा फुलला. ती लगबगीने पुढे येऊन ताठ उभी राहिली.

आता त्या राबणाऱ्या मुलीचं कोण वाचणार, असं बाईंनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. शेवटी पहिल्या बाकावरची गोरी मुलगी उठली. स्वभावाने मोठी गोड पोर.

“मी वाचते, बाई. पण तोंडाला काय लावून येऊ?”

कोणी हसलं नाही. उद्या कोणती वही आणायची हे विचारावं, तितक्या साधेपणाने तिने विचारलं होतं आणि सगळा वर्ग उत्तराची वाट पाहत होता. दोघी-तिघी भाचीच्या हातांकडे निरखून बघत होत्या.

माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं.

भाचीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती बाजूला सरकली आणि कालच्या जागी जाऊन उभी राहिली.

“राहू द्या, बाई. मीच वाचते. मला येतं ते.”

आत्याची अडचण ओळखून पोरीने ती स्वतःच्या अंगावर घेतली होती. बाईंना ते कळलं आणि तरीही त्यांनी तिला वाचू दिलं.