एक टक्क्याच्या खाली

सरकारला शाळांसाठी बाकं घ्यायची होती. नुसती स्वस्त चालणार नाहीत, पर्यावरणाला कमी त्रास देणारी हवीत, असा नवा नियम आला होता. म्हणून झाड तोडल्यापासून बाक भंगारात जाळेपर्यंत हवा, पाणी, माती किती नासते ते मोजायचं काम खरेदी खात्यातल्या ताईच्या गळ्यात पडलं. तिने मोजलं. सगळ्यात कमी नासाडीचा म्हणून पहिला नंबर आला तो नेमका तिची धाकटी बहीण जिथे फळ्यांना गोंद लावते त्या कारखान्याचा.

धाकटीच्या पायांची बोटं बधिर झाली होती. वाटेत चप्पल निसटली तरी तिला पत्ता लागायचा नाही. "पायांपेक्षा चपलांचाच खर्च जास्त झालाय," म्हणायची आणि हसायची. पायरी चढताना मात्र भिंत धरायची. गोंदाची वाफ अशीच नाकात जात राहिली तर चालणं जाईल, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं.

ताईने हिशेब पुन्हा उघडला. गोंद त्यात नव्हताच. बाकाच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी भरेल ते हिशेबातून सोडून देता येतं. खिळे मोजत बसायला नकोत म्हणून दिलेली सवलत, तिच्यातून गोंदही बिनबोभाट सुटला होता. तिने तो आत घेतला, सगळं नव्याने मोजलं.

तरी त्या कारखान्याचं बाक पहिलंच राहिलं. वाफ खिडकीबाहेर गेली तरच हवा बिघडली, असं धरायची रीत. शेडमध्येच बाईच्या छातीत मुरली, तर पर्यावरणाचं काहीच बिघडलं नाही. शेडला पंखेही नव्हते. तेवढी वीज वाचली म्हणून उलट गुण वाढलेले.

ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं. पोरं फरशीवर बसतायत, खरेदी आणखी लांबवता येणार नाही, आणि बहिणीचं नाव निघालं तर तुमच्यावरच शेकेल, असं त्याने शांतपणे समजावलं.

"बाई, आपण पर्यावरण मोजतो. माणसं दुसरं खातं मोजतं."

"कुठलं खातं, साहेब?"

साहेबांनी चहा मागवला.

ताईने शिफारशीवर सही केली नाही. शेजारच्या टेबलावरच्याने केली. त्यालाही पेन शोधण्यापलीकडे काही कष्ट पडले नाहीत.

ऑर्डर लागली आणि कारखान्यात काम दुप्पट झालं. धाकटीला आता उभं राहवत नव्हतं, म्हणून मुकादमाने तिला बसायचं काम दिलं. देव त्याचं भलं करो, असं ती मनापासून म्हणाली. सरकारी बाकं पर्यावरणाला चांगली, हे दाखवायला प्रत्येकाखाली हिरव्या पानाची पट्टी चिकटवायची होती.

"कशाने चिकटवतेस?" ताईने विचारलं.

धाकटीने दोन्ही हात पुढे केले. बोटांवर वाळलेल्या गोंदाची सालपटं होती. ताईने एक सालपट नखाने ओढून काढलं, तर खालची कातडीही सोलून आली. धाकटीने हात मागे घेतला नाही. तिला लागलंच नव्हतं.