हौशीरामच्या खांद्यावरची डोली

मित्रांनो, डोली म्हटले की तुम्हाला लग्नातली सजवलेली डोली आठवेल. मी तसली नाही. माझ्यात नवरी कधी बसली नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत, त्यांना वर नेऊन देव दाखवणारी मी साधी लाकडी डोली आहे. आता जुनी झाले आहे आणि पायथ्याच्या पत्र्याच्या खोलीत पडून आहे.

माझा जन्म १९५६ सालचा. जुन्नरची लेणी आणि शिवनेरी पाहायला लांबून माणसे यावीत, त्यांच्या येण्याने इथल्या लोकांना काम मिळावे, असे तेव्हा सरकारने मनावर घेतले होते. त्यातून लेण्याद्रीसाठी तीन डोल्या मंजूर झाल्या. जुन्नरच्या कासम सुताराने आम्हाला घडवले. सागाची खुर्ची, नवारीच्या जाड सुती पट्ट्यांची बैठक आणि दोन्ही बाजूंना लांब, गुळगुळीत दांडे. दांडे घासताना कासमभाई पुन्हापुन्हा त्यांवर स्वतःचा खांदा टेकवून पाहत. कुणीतरी विचारले, "एवढं काय घासता?"

"बसनाऱ्याला नवार हाय," ते म्हणाले, "वाहनाऱ्याला हेच लाकूड हाय."

पायथ्याच्या गोळेगावातली बारा माणसे कामावर घेतली गेली, एका डोलीला चार. पुढे दोघे, मागे दोघे. माझ्या चौघांत सगळ्यांत वयस्कर होता हौशीराम. मोठा पांढरा पटका, भरघोस मिशा आणि बोलणे अगदी हळू. त्याच्या जोडीला त्याचा लहानपणापासूनचा मित्र रखमाजी होता. बाकीचे दोघे सख्खे भाऊ होते. त्याआधी हे सगळे पावसाळा संपला की कामासाठी दूरदूर जात. आता घरी राहून भाकरी मिळणार होती. हौशीरामची बायको धोंडाबाई पहिल्या दिवशी माझ्या दांड्याला हळदकुंकू लावून गेली.

राजुरीच्या एक म्हाताऱ्या आजी माझ्यात बसल्या होत्या, त्या मला अजून आठवतात. साठ वर्षे त्या खालूनच हात जोडून परत जात होत्या. त्या दिवशी त्यांनी गाभारा पाहिला. खाली उतरल्यावर त्या हौशीरामच्या खांद्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "लेका, तुझ्या खांद्यावरनं देव पाह्यला रे म्या." त्या दिवशी हौशीराम घरी गेला तो लग्नघरी निघाल्यासारखा.

पण मित्रांनो, एक गोष्ट फक्त त्या चौघांना आणि मला ठाऊक होती. हौशीरामचा उजवा गुडघा अधू होता. तरुणपणी तो कड्यावरून घसरला होता. कामावर घेताना डॉक्टरांनी छाती तपासली, गुडघा कुणी पाहिला नाही. डोली पायऱ्या चढते तेव्हा सगळा भार मागच्या दोघांवर येतो आणि उतरते तेव्हा पुढच्या दोघांवर. म्हणून रखमाजी चढताना हौशीरामला पुढे लावी आणि उतरताना मागे. यावर कधी कुणी काही बोलले नाही. मला उचलताना ते आपोआप जागा बदलत. दीड हंगाम असा सुखाचा गेला.

मग माघातल्या गर्दीनंतर एक दिवस मोठे साहेब आले. योजना कशी चालली आहे ते पाहायला आणि त्यावर अहवाल लिहायला. बरोबर एक कारकून होता आणि माहितीपत्रकासाठी फोटो काढणारा एक माणूस होता. साहेब चांगले होते. डोलीत बसायला ते तयारच नव्हते. "मी चालेन," ते म्हणाले. पण फोटोवाल्याला डोलीत बसलेला पाहुणा हवाच होता. शेवटी साहेब संकोचून माझ्यात बसले. वर नेले, लेणी पाहून झाली, आणि उतरताना फोटोवाला ओरडला, "ते पटकेवाले बाबा पुढे घ्या! चेहरा छान आहे."

रखमाजी पटकन म्हणाला, "त्याला मागंच राहू द्या साहेब."

"का? काही अडचण आहे का?" साहेबांनी विचारले.

रखमाजीने खरे सांगावे तर मित्राचे काम जाणार. हौशीरामनेच पुढचा दांडा उचलला आणि हसून म्हणाला, "दोन पायऱ्यांचा तर सवाल हाय. फोटू झाला की बदलू."

फोटो निघाला. पण साहेबांना ओझर गाठायचे होते. कारकून म्हणाला, "चला चला, थांबू नका," आणि जागा बदलायची राहून गेली.

वळणावरच्या उंच पायरीवर मला तो गुडघा गेल्याचे कळले. लाकडालाही कळते. माझा पुढचा कोपरा एकदम खाली गेला. दुसरा कुणी असता तर दांडा सोडून बाजूला झाला असता. हौशीराम दांडा खांद्यावर तसाच धरून गुडघ्यावर पडला. दगडावर हाड वाजले. मी कलले, पण पालथी झाले नाही. साहेबांचा फक्त चष्मा पडला.

"साहेब, लागलं न्हाई न्हवं?" हौशीरामने पहिले हेच विचारले.

त्याचा पाय भलताच वळला होता. रखमाजीने त्याला उचलून माझ्यात बसवायला घेतले, तर तो दोन्ही हातांनी ढकलू लागला. "मला नगं यात. सरकारी हाय ती. गिऱ्हाइकाची जागा हाय."

"गप बस," रखमाजी म्हणाला आणि रडू लागला. साहेबांनी हौशीरामच्या जागी स्वतःचा खांदा लावला. इतक्या माणसांना मी वाहिले, पण वाहणारा माझ्यात बसला तो त्याच दिवशी.

हाड जुळले, पण पाय ताठच राहिला. आणि महिन्याभराने साहेबांचा अहवाल आला. कारकुनाने पायथ्याशी सगळ्यांना जमवून तो वाचून दाखवला. साहेबांनी मनापासून लिहिले होते की, स्वतंत्र देशात माणसाने माणसाला खांद्यावर वाहणे शोभत नाही. यात जिवाला धोकाही आहे. सबब डोल्या बंद कराव्यात आणि या माणसांना पुढे दुसरे काम द्यावे.

"शोभत न्हाई, खरं हाय," रखमाजी म्हणाला. "पर दुसरं काम कवा?"

"ते वरून कळेल."

गर्दीतून धोंडाबाई पुढे आली. "आन् माझ्या मालकाच्या पायाचं?"

कारकुनाने कागद उलटेपालटे केले. तोही अवघडला होता. "बाई, ही हंगामी माणसं. यांची नावं कुठल्या यादीत नाहीत. अर्ज करा."

तिने तीन अर्ज केले. त्याला आठ-दहा वर्षे झाली, वरून अजून काही कळलेले नाही.

रखमाजी आणि ते दोघे भाऊ मुंबईला गोदीत गेले. जाण्याआधी रखमाजी हौशीरामकडे गेला होता म्हणतात, पण दारातूनच परतला. धोंडाबाई आता यात्रेकरूंची गाठोडी आणि दमलेली पोरे कडेवर घेऊन पायऱ्या चढते. तिचे चढणे शोभते की नाही, याबद्दल कुणी अहवाल लिहिलेला नाही. आणि म्हाताऱ्या बाया पुन्हा खालूनच हात जोडून परत जातात.

मागल्या थंडीत घरात जळण नव्हते, तेव्हा हौशीराम काठी टेकत माझ्या खोलीशी आला. पहारेकऱ्याला म्हणाला, "पडूनच हाय. एक दांडा नेऊ का चुलीला?"

"हात लावू नको बाबा," पहारेकरी म्हणाला. "सरकारी माल आहे. दर सहा महिन्यांनी मोजणी होते."

हौशीरामने मान हलवली. पत्र्याच्या फटीतून त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो निघून गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आमची निगा राखा. मला तसे म्हणवत नाही. माझी निगा चांगली चालली आहे. मला कुलूप आहे, पहारा आहे, यादीत माझे नाव आहे. तुम्ही मोठे व्हाल, कचेऱ्यांत बसाल, याद्या लिहाल. तेव्हा एवढेच करा: डोलीच्या आधी डोलीवाल्याचे नाव लिहा.