नत्थूजीचं दुकान

"दुसऱ्याच्या घरात शिरून मडके काऊन फोडून राह्यली थे?"

प्रभाकररावांनी हे इतक्या गंभीरपणे विचारलं की सपनाच्या हातातला कंट्रोलर थबकला. टीव्हीवर तिची नायिका, पाठीला तलवार बांधलेली, एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात उभी होती आणि तिच्या पायाशी खापऱ्या पडल्या होत्या.

"बाबा, मडक्यात कामाच्या वस्तू असतात. गेममधी सगळेच फोडतात."

"घरवाला समोर उभा हाये. तो काही म्हणत नाई?"

"नाई म्हणत. त्याले एकच वाक्य येते. आज हवा छान हाये, एवढंच."

"मंग भला माणूस हाये तो. भल्या माणसाचे मडके नाई फोडाव. चाल बाहेर."

नायिका गुपचूप बाहेर आली. मडक्यातलं औषध मडक्यातच राहिलं आणि पुढच्या लढाईत त्यावाचून तिचे फार हाल झाले. पण बापाचा शब्द मोडायचा कसा?

सपना हिंगणघाटच्या एका कापूस जिनिंगच्या ऑफिसात कामाला होती. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं, आणि त्या विषयावर घरात कोणी बोलत नसे. बोलायला तशीही दोनच माणसं उरली होती. आई जाऊन काही वर्षं झाली होती. ऑफिसातून आलं की सपनाला एकच नाद, गेमचा. तोही नुसत्या गोळ्या झाडायचा नव्हे. ज्यात आपण एक माणूस व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, लढायचं आणि महिनोन्‌महिने खेळून एक लांबलचक गोष्ट तडीला न्यायची, तसला. तिच्यासारख्याच नादी लोकांचा फोनवर एक ग्रुप होता. गेम संपवला की तिथं चार ओळी लिहायच्या. कसा वाटला, कुठं कंटाळा आला, कुठं उगाच रडू आलं.

प्रभाकररावांनी आधी या प्रकाराला भरपूर नाक मुरडलं. पण स्वतःचं किराणा दुकान सुटल्यापासून दिवस अंगावर यायचा आणि मालिकांतल्या सासवा-सुनांचा त्यांना वीट आला होता. एकदा सहज खुर्ची ओढून बसले, आणि पाहतात तर काय, राक्षस आणि जादूगारांच्या त्या मुलखातही गावाच्या वेशीला एक किराणा दुकान होतं. कोणीतरी कुठंतरी मीठ-मिरची विकत असणारच, हे त्यांना फार पटलं. तो दुकानदार टक्कल पडलेला, म्हातारा, गळ्यात दुपट्टा घातलेला. त्यांनी त्याचं नाव नत्थूजी ठेवून टाकलं. केव्हाही जा, नत्थूजी इंग्रजीत एकच वाक्य म्हणायचा आणि सपना ते सांगायची, "या, काय देऊ?"

"हा खरा दुकानदार," प्रभाकरराव म्हणायचे. "जगबुडी आली तरी दुकान उघडं ठेवते."

तेव्हापासून सपनाच्या ग्रुपवरच्या लिखाणाखाली एक शेपूट लागायला लागलं, 'बाबांचं मत'. अमुक राजानं फौजेला आधी जेवू घालायला पाहिजे होतं, तमुक गावाला विहीर नसताना तिथं माणसं राहतात कशी, असलं. लोक गेमचं राहू द्या, बाबांचं मत काय ते सांगा, म्हणायचे.

एका बाबतीत मात्र बापलेकीचं जमत नसे. दुकानदाराच्या त्या घरात 'संपलं' हा शब्द कधी कोणी उच्चारला नव्हता. मीठ संपलं तर मीठ वाढलं म्हणायचं. तेल वाढलं, साखर वाढली. हातातली बांगडी फुटली तरी ती वाढलीच. लहानपणी सपना एकदा 'शाई संपली' म्हणाली तर आईनं हातातलं काम टाकून तिच्या तोंडावर हात ठेवला होता. गिऱ्हाइकंही सरावलेली. "गूळ वाढला, उद्या येजो," म्हटलं की मुकाट परत जायची. संध्याकाळी शटर खाली ओढायचं, कुलपाला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, "वाढवलं दुकान." सूतगिरणी गेली, गिऱ्हाईक गेलं, मग सपनाची आई प्रमिलाबाई गेल्या, आणि प्रभाकररावांनी दुकान कायमचं बंद केलं. तेव्हाही नातेवाइकांना त्यांनी फोनवर हेच सांगितलं की दुकान वाढवलं. त्यावर नागपूरचे साडू पेढ्यांचा पुडा घेऊन हजर झाले. त्यांना वाटलं, दुकान मोठं केलं. प्रभाकररावांनी एक पेढा स्वतः खाल्ला, एक साडूंना भरवला आणि काही बोलले नाहीत. ही गंमत सपनानं ऑफिसात कितीदा तरी रंगवून सांगितली होती.

"गेम संपवला नाई म्हणाव," ते तिला बजावायचे. "वाढवला म्हणाव."

"बाबा, तुमच्या वाढण्यानं एखाद्या दिवशी घोटाळा होईन."

त्या वर्षी कापूस भरपूर आला. जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा हायवेपर्यंत जायच्या. सपना अंधार पडता पडता घरी यायची ती केसांत सरकी-कापसाचा धुरळा घेऊनच, आणि हातपाय धुऊन सरळ टीव्हीसमोर बसायची. मोठा गेम शेवटाकडे आला होता. एका पुलावर एक राखणदार उभा होता आणि तो काही केल्या तिला पलीकडे जाऊ देत नव्हता. ती मरायची, पुन्हा उठायची, पुन्हा मरायची.

त्याच आठवड्यात प्रभाकरराव शेजारच्या बंडूजींबरोबर एसटीनं वर्ध्याला डोळे दाखवून आले होते. त्यांना काचबिंदू होता. तो काही दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं चोरून नेतो. त्यावर थेंब होते, रोज न चुकता घालायचे. बाटली सपना आणून द्यायची.

ते दारात येऊन उभे राहिले. "सपना, थेंब वाढले व."

राखणदाराची कुऱ्हाड वर गेली होती. सपनाच्या एका कानात हेडफोन होता. डॉक्टरनं थेंब वाढवले, असं तिच्या मनानं घेतलं. घेतलं म्हणजे काय, तो शब्द कानावर पडला आणि त्याचा सगळ्या जगात होतो तो अर्थ झाला.

"बरं बाबा. वेळेवर टाकत जाजा मंग."

"हो," ते म्हणाले, आणि पोरगी बाटली आणेल तेव्हा टाकू म्हणून आत गेले. त्या संध्याकाळी तिनं पूल ओलांडला.

दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. जन्मभर मागणारे लोक काउंटरच्या पलीकडे उभे असायचे; आपण दोनदा मागायची त्यांना सवयच नव्हती. पोरगी थकून येते, आणील सवडीनं, असं त्यांनी धरलं. दुकानात ते तेलाचा डबा पालथा घालून ठेवायचे, शेवटचा थेंब निथळेपर्यंत. तशी ती चिमुकली बाटली त्यांनी भिंतीतल्या देवळीत उलटी उभी केली आणि रोज ठरल्या वेळी मान मागं टाकून ती डोळ्यावर दाबत राहिले. सपना जाता-येता पाहायची. बाबा थेंब घालतायत, हे पाहून तिला बरं वाटायचं.

मग प्रभाकरराव खेळताना भलतंच विचारायला लागले.

"कोण मारून राह्यलं तिले?"

"बाबा, डाव्या हाताले उभा हाये ना तो. एवढा मोठा."

"हो का? टीव्ही जुना झाला बाई. काठं काळे पडून राह्यले त्याचे."

त्यांनी खुर्ची पुढं घेतली. मग आणखी पुढं घेतली. उंबऱ्याला ठेच लागून अंगठ्याचं नख गेलं, तेव्हा उंबऱ्यालाच बोलले. सपना हसली. त्या हसण्याचं नंतर तिला किती वाईट वाटणार होतं, हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

पुढच्या तपासणीला बंडूजी लग्नाला गेले होते म्हणून सपनानं सुट्टी घेतली. डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा. त्यानं दोन्ही डोळे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि खुर्ची मागं सरकवली.

"थेंब कधीपासून बंद आहेत?"

"वाढले तवापासून," प्रभाकरराव म्हणाले.

"वाढले? कोणी वाढवले? मी तर वाढवले नव्हते."

"आपोआप वाढले ना साहेब. पोरीले सांगतलं होतं मी."

डॉक्टर सपनाकडे बघायला लागला. सपनाच्या डोळ्यांसमोर तो पूल आला, ती कुऱ्हाड आली, दारात उभे असलेले बाबा आले. जगात कोणालाही हा शब्द कळला नसता तरी चाललं असतं, पण तिला कळायला पाहिजे होता. ती त्याच घरात मोठी झाली होती.

"म्हणजे संपले, डॉक्टर," ती म्हणाली. "थेंब संपले होते."

बापासमोर तो शब्द ती पहिल्यांदा बोलली. प्रभाकररावांनी तिला टोकलं नाही.

गेलेली नजर परत येत नाही, उरलेली धरून ठेवता येते का पाहू, असं डॉक्टर म्हणाला. त्यानं करायचं ते सगळं केलं, ऑपरेशनसुद्धा केलं. उरलेलीही राहिली नाही. उजव्या डोळ्याला तेवढा खिडकीचा उजेड कळायचा.

शेवटच्या तपासणीहून परत येताना एसटीत सपनानं विचारलं, "बाबा, पुन्हा एकदा काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं ना एकदा," ते म्हणाले. मग म्हणाले, "वणा नदीचा पूल आला का? हवा थंड लागली."

पूल आला होता.

त्यानंतर सपनानं गेमला हात लावला नाही. टीव्हीवर कापड टाकलं. ग्रुपवर कोणी विचारलं, तो मोठा गेम झाला का, बाबांचं मत येऊ द्या. ते तिनं वाचलं आणि फोन पालथा ठेवला. ती वेळेवर घरी यायची, बाबांचं ताट वाढायची, भाजी कुठं, पोळी कुठं ते सांगायची आणि अपराध्यासारखी समोर बसून राहायची. तिला वाटायचं, त्यांनी एकदा तरी ओरडावं. शिव्या घालाव्यात. त्यांनी कोणालाच कधी शिव्या घातल्या नव्हत्या, तर आता कुठून घालणार?

एका रविवारी दुपारी प्रभाकरराव भिंतीला हात लावत लावत बाहेरच्या खोलीत आले. खुर्ची चाचपली, बसले.

"लाव."

"काय बाबा?"

"थो गेम. अर्धवट कायले ठेवला? नत्थूजीचं काय झालं थे समजलं पाह्यजे मले."

"बाबा, तुम्हाले आता..."

"दिसत नाई. बहिरा नाई झालो मी. तू सांगत जाय."

सपनानं कापड काढलं. खेळता खेळता सांगणं तिला आधी जमेना. ती नुसतं "आता मोठा वाडा हाये" म्हणायची, आणि ते विचारायचे, दार कोण्या बाजूनं हाये, जमीन ओली हाये का, लोकं काय घालून हायेत? हळूहळू तिला जमायला लागलं. शेवटचा राजा फार वेळ चालला. प्रभाकरराव खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते आणि आवाजावरून अंदाज घेऊन "मागं हो, मागं हो" म्हणत होते. राजा पडला. वाजंत्री झाली. मुलखावरचं संकट टळलं. आणि नायिका, केस पांढरे झालेली, एकटीच आपल्या पहिल्या गावाकडे चालत निघाली.

"गाव आलं का?"

"आलं. लोकं हायेत. लेकरं खेळून राह्यले."

"नत्थूजी?"

सपना दुकानासमोर उभी होती. फळ्या लावलेल्या होत्या. खिळ्याला त्याचा दुपट्टा होता आणि दारावर एक लहानशी पाटी. 'या, काय देऊ?' हे वाक्य तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की आताही सहज सांगता आलं असतं. बाबांना कुठं कळणार होतं. ते तिच्या ओठावर आलंही होतं. पण तोंडून निघाला तो लहानपणापासून अंगवळणी पडलेला शब्द.

"नत्थूजीनं दुकान वाढवलं बाबा."

बाहेर रस्त्यावरून कापसाचा एक उशिराचा ट्रॅक्टर गेला.

"मोठं केलं का बंद केलं?" प्रभाकररावांनी विचारलं. "साफ सांग."

ज्या शब्दासाठी हा माणूस जन्मभर अडून बसला, त्याचाच अर्थ तो आता तिला विचारत होता.

"बंद केलं."

"कायमचं?"

"हो. संपलं बाबा."

"हं. असंच सांगाव," ते म्हणाले. मग म्हणाले, "शब्द माहा होता पोरी. तुहा नोयता. तू त्याचं मनाले लावून घेऊ नको."

तेव्हा सपना रडली, अगदी मोठ्यानं, लहान पोरीसारखी. त्यांनी तिला रडू दिलं. मग हात पुढं केला.

"मले तेथलोक ने."

तिनं त्यांना धरून टीव्हीपाशी नेलं. काच गरम होती. त्यांचा हात काचेवरून खाली खाली सरकत काठापर्यंत गेला, जिथं शटरचं कुलूप असायचं तेवढ्या खाली. तिथं त्यांनी बोटं टेकवली आणि ती कपाळाला लावली. मग हात पुन्हा काचेवर ठेवला.

"कर आता बंद," ते म्हणाले.

सपनानं बटन दाबलं.

"झालं का?"

"झालं बाबा."

मग त्यांनी हात काढला.