तळहाताएवढं अंतर

मिरेयाने लेट्यूसचे पाचवे पान गड्ड्यावरून अलगद सोडवले, त्यात चमचाभर खिमा ठेवून ते दुमडले, आणि तेही आधीच्या चारांसारखे मधोमध काडकन मोडले. खिम्याचा रस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"हे टाको नव्हेत, ही शिक्षा आहे," ती पुटपुटली.

समोर तिची आई तोमासा टोमॅटो चिरत होती. तिने मान वर केली नाही. विझलेल्या चुलीवर मातीचा थोरला तवा पालथा पडला होता. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच या घरात रविवारचे जेवण तोर्तियांशिवाय व्हायचे होते. मक्याच्या गरम, पातळ भाकऱ्यांनी, तोर्तियांनी भरलेली टोपली नाही म्हणजे जेवणच नाही, असे मानणारे हे घर. पण मिरेया या वेळी हट्टालाच पेटली होती. कोंबडीचा खिमा, टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, वरून लिंबू, आणि तोर्तियाऐवजी हिरवे पान. एवढी एकच गोष्ट तिने मागून घेतली होती.

कारणही तसेच होते. बाबांची साखर गेली दोन वर्षे चढतच होती आणि जुलैत त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे कापावी लागली. दिवसाला दोनच तोर्तिया, असे डॉक्टरांनी बजावले होते. बाबा एका जेवणाला आठ खात आणि नववीसाठी टोपलीत हात घालत. असेच चालले तर पुढच्या खेपेला पाऊल जाईल, हेही डॉक्टर स्पष्ट बोलले होते. पण मिरेयाला खरी भीती वेगळीच होती. जुलैपासून बाबा अंगणातली खुर्ची कालव्याकडे पाठ करून मांडत. सोचिमिल्कोसारख्या कालव्यांच्या गावात पाण्यावर जन्म काढलेला माणूस, आणि पाण्याकडे पाठ! तिला ते बघवत नसे.

आता बाबा, सिल्वेरियो, काठी टेकत दारात आले. चुलीकडे पाहून त्यांनी नाक मुरडले.

"पिठाला सुट्टी दिलीय ना आज? मग पहाटे गिरणीत कशाला गेली होतीस?"

"सवय," तोमासा म्हणाली.

"दोन तास?"

"रांग होती."

"रविवारी पण रांग! दोन महिने बघतोय, रोजची रांग. अख्खं सोचिमिल्को त्या एकाच गिरणीवर जगतंय वाटतं."

तोमासाने पुढचा टोमॅटो उचलला. सिल्वेरियोंची नजर टेबलावर गेली आणि तिथेच अडकली. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत प्लास्टिकची पिशवी उचलून उजेडाकडे धरली.

"हे काय?"

"लेट्यूस, बाबा."

"ते दिसतंय मला. डोळे अजून कापले नाहीत. आलं कुठून?"

"माझ्या बसथांब्याजवळच्या दुकानातून. धुतलेलं असतं, निवडलेलं..."

बोलता बोलताच आपण काय केले ते तिच्या लक्षात आले आणि तिचा आवाज बसला. तीन पिढ्या या घराने शहराला लेट्यूस पुरवले होते. कालव्याचा गाळ उपसून रचलेल्या त्या पट्टीवर, चिनांपावर, बाबा बारा महिने लेट्यूस लावत. पण जुलैनंतर शेताचे नावसुद्धा बाबांपुढे काढायचे नाही, असे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकले होते. म्हणून, त्यांच्या जखमेवर बोट पडू नये म्हणून, तिने ते दुकानातून आणले. आणि बोट नेमके तिथेच पडले.

"सिल्वेरियोच्या घरात प्लास्टिकमधलं लेट्यूस!" बाबांचा आवाज चढला. "काखेत कळसा अन् गावाला वळसा! उद्या कालव्यात ओतायला पाणीही बाटलीतून आण."

"मग तुझं तू घेऊन ये ना, म्हाताऱ्या," तोमासा म्हणाली. तिची सुरी थांबली नव्हती.

"माझं कुठलं? तिथे आता कमरेएवढं गवत असेल."

"बघून आलास?"

"बघायचं काय त्यात? लावणीच्या वेळी मी दवाखान्यात होतो. गाळाच्या वड्या पाडून बी टाकलं होतं तेवढंच. ते जळून गेलं असणार."

"न बघता बोलायला काय, कोणीही बोलतं."

सिल्वेरियो तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पिशवी टेबलावर आपटली, खुंटीवरची टोपी काढली, कोयता कमरेला खोचला.

"मिरेया, होडी सोड. तुझ्या आईला गवत आणून दाखवतो. तेच घाला खिम्यात."

मिरेयाने आईकडे पाहिले. आई टोमॅटोच्या बिया बोटाने काढत होती.

बारा वर्षे शहरात चष्म्याच्या दुकानात काम केलेल्या मिरेयाला होडी ढकलायला लांब वासा मारायची सवय राहिली नव्हती. होडी एकदा या काठाला, एकदा त्या काठाला जाऊ लागली. सिल्वेरियो पुढच्या फळीवर बसले होते, दुखरा पाय पिशवीत बांधून समोर ताठ धरून.

"डावीकडे! डावा हात कुठला तेही शहरात विसरलीस?"

"विसरले नाही, बाबा."

"मग वासा तळाला टेकव, पाण्याला गुदगुल्या काय करतेस!"

ती हसली. तीन महिन्यांत बाबा पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने ओरडत होते. काठावरची उंच, सडसडीत झाडे पाण्यात उलटी उभी होती. एक पांढरा बगळा त्यांना बघून जागचा हलला नाही.

शेवटच्या वळणाआधी मात्र बाबा गप्प झाले. त्यांनी पिशवीत बांधलेल्या पायाकडे पाहिले, मग पाण्याकडे.

"फिरव मागे," ते हळूच म्हणाले. "मला नाही बघायचं, पोरी. ते शेत नको बघायला."

तिने वासा रोवून होडी थांबवायचा प्रयत्न केला, पण हात कच्चे. होडी आपल्याच वेगाने पुढे गेली आणि वळली.

समोर सगळे हिरवे होते.

आधी तिला काही कळेचना. गवत असे रांगेत उगवत नाही. काठापासून पार पलीकडच्या झाडांपर्यंत लेट्यूसच्या ओळी होत्या, एकीमागे एक, मधल्या मातीत काडीसुद्धा नाही. उतरते ऊन पानांच्या आरपार येत होते. प्रत्येक गड्डा आतून दिवा लावल्यासारखा उजळला होता. पट्टीच्या कडेचा गाळ नुकताच लिंपलेला, अजून ओला. मिरेया तोंड उघडे टाकून बघत राहिली. लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेले हे शेत तिने जणू कधी पाहिलेच नव्हते.

होडी काठाला लागली. सिल्वेरियोंनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. देवळात शिरताना काढत, तशी.

"निकांद्रोनं?" त्यांनी विचारले.

"दादानं? त्याला स्वतःच्या फुलांच्या रोपांतून मान वर काढायला फुरसत नाही, बाबा. आणि त्यानं केलं असतं तर आठवडाभर सांगत फिरला असता."

"मग कोण?"

तिने खांदे उडवले. बाबा तिचा हात धरून उतरले आणि पहिल्या ओळीपाशी सावकाश गुडघ्यांवर बसले. त्यांनी मुळाशी माती उकरली. आत चिखलाच्या वडीचा चौकोन अजून ओळखू येत होता. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनीच गाळ पसरून, सुरीने वड्या पाडून, एकेका वडीत अंगठ्याने बी दाबले होते. ती रोपे मेली नव्हती. कोणीतरी एकेक वडी उचलून इथे लावली होती.

"दाट लावलंय," ते म्हणाले. जन्माचा शेतकरी, आधी खोडच काढणार. "मी वीतभर आणि वर चार बोटं सोडतो. हे काय सोडलंय?"

त्यांनी दोन गड्ड्यांच्या मधे मोकळ्या मातीवर पंजा पसरून ठेवला. मध्ये बरोबर मावला. ते पुढे सरकले, पुन्हा ठेवला. बरोबर. तिसऱ्या ठिकाणी, चौथ्या ठिकाणी. ना दोरी, ना काठीची खूण, आणि अंतर केसभरही चुकलेले नाही. पाचव्या ठिकाणी त्यांचा हात मातीवर तसाच राहिला.

मिरेयालाही त्याच क्षणी उमगले. तो हात तिने रोज असाच उघडा पाहिला होता, जेवायच्या टेबलावर, तळवा वर करून. आणि आई त्यावर तव्यावरची पहिली तोर्तिया ठेवायची. बोटांच्या टोकांपर्यंत पुरणारी, ना कमी ना जास्त. आईच्या हातांना दुसरे माप येतच नव्हते.

आई! होडीत बसली की दोन्ही कडा घट्ट धरून देवाचा धावा करणारी, पोहता न येणारी, त्रेसष्ट वर्षांची आई. पहाटेच्या अंधारात भिजलेल्या मक्याची बादली गिरणीत ठेवून एकटी इथवर यायची, वासा मारत. गाळ उपसायची. आणि घरी येऊन म्हणायची, रांग होती. एवढी वर्षे आपण या बाईला ओळखतो असे मिरेयाला वाटत होते.

सिल्वेरियोंनी टोपीने तोंड पुसले, नीट पुसले, आणि कोयता काढला.

"इकडे ये. बघ. सकाळचं पान ताठ असतं, दुमडलं की मोडतं. दिवसभराचं ऊन खाल्लं की जरा नरमतं. बाहेरचं जून, आतलं काचेसारखं. बाहेरून तिसरा फेर घ्यायचा. हे." त्यांनी पान तिच्या हातात मुठीसारखे मिटवले आणि सोडले. ते अख्खे उघडले.

परतताना त्यांनी एकदाही 'डावीकडे', 'उजवीकडे' असे बजावले नाही. पानांनी भरलेली टोपी मांडीवर धरून ते बसून होते.

निकांद्रो आला होता, ताटे मांडून झाली होती. सवयीने तोमासाने भरतकामाचे फडके घातलेली तोर्तियांची टोपली सिल्वेरियोंसमोर ठेवली होती. रिकामी. सिल्वेरियोंनी धुतलेली पाने एकावर एक त्या फडक्यात रचली आणि कडा दुमडून झाकली. मग वरचे पान तळहातावर घेतले, खिमा भरला, लिंबू पिळले, मिटले. पान मोडले नाही. त्यांनी ते तोमासापुढे धरले.

"धर."

"पहिलं तुझं असतं."

"धर म्हटलं ना, म्हातारे."

तिने घेतले. सगळे बघत असताना ती सावकाश चावली. ओठावरचा रस तिने बोटाने टिपला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

सिल्वेरियोंनी सहा खाल्ले.

"पोट भरलं का, बाबा?" निकांद्रोने विचारले.

"नाही. पण पोट काय, त्याला आयुष्यभर लाडावून ठेवलंय." त्यांनी फडक्याची कडा सरळ केली. "तोमासा, उद्या गिरणीत जाताना मला उठव."

निकांद्रो खो खो हसला. "गिरणीत? तुम्ही तिथे काय करणार?"

"रांग मोठी असते म्हणे. एकटीनं किती उभं राहायचं तिनं?"

मिरेया ताटात बघत राहिली. तोमासा उठली, टोपली उचलली, आणि दारापर्यंत जाऊन थांबली.

"रबरी बूट घाल मग," ती मागे न बघता म्हणाली. "पहाटे चिखल गार असतो."