घोड्यांखालच्या फळ्या

कासव नावाची ती जुनी गाडी खाली आली तेव्हा आवाज फारसा झालाच नाही. जड पोतं कोणीतरी दमून जमिनीवर टेकवावं तसा एक दबका धप्प, आणि त्यामागोमाग पत्रा कण्हल्यासारखा लांबट सूर. संध्याकाळी कामावरून आलेली सून चहाचे दोन कप घेऊन मागच्या दारात उभी होती. गाडीचा पुढचा डावा कोपरा जरासा झुकलेला तिला दिसला. ही गाडी अशी का बघतेय आपल्याकडे, एवढा एक वेडगळ विचार मनात येईपर्यंत कोपऱ्याखालची टेकूची लोखंडी घोडी मातीत कलंडली आणि सगळी गाडी त्या अंगाला बसली. गाडीखालून सासऱ्यांचे दोन पाय बाहेर आलेले होते. एकाच पायात चप्पल होती.

ती "बाबा" म्हणून ओरडली असं तिला वाटलं. पण वाजले होते ते हातातले कप.

"कप ठेव आधी," गाडीखालून आवाज आला. "मी आहे. जॅक आण."

कप कुठे ठेवले, जॅक कसा ओढत आणला, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. एवढंच आठवत राहिलं की जॅक कुठे लावायचा हे ते खालून सांगत होते आणि ती लावत होती, आणि त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. गाडी चार बोटं वर उचलली गेली. ते पाठीवर सरकत सरकत बाहेर आले, उठून बसले आणि डोक्यावरची माती झटकू लागले. अंगावर ओरखडा नव्हता. काढलेली चाकं दोन-दोन करून त्यांनी गाडीच्या दोन्ही कडांखाली आडवी सरकवून ठेवली होती. गाडी पडली ती त्या चाकांवर. ती नसती तर काय झालं असतं, याचं गणित तिच्या डोक्याने तिला न विचारताच करून टाकलं, आणि ती तिथेच मातीत बसली.

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये सासऱ्यांची उभी हयात गेली होती. नवशिक्या मेकॅनिकांना ते इतकं शिकवत आणि इतकं फैलावर घेत की तिथे त्यांचं नाव मास्तर पडलं, आणि मग घरादारात, गल्लीत तेच रूढ झालं. चाक काढलं की आधी गाडीखाली सरकवायचं, मग हात घालायचा, हा मास्तरांचा पहिला धडा. सून काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. ठोकळे यंत्रात घालायचे आणि ते किती भाराला फुटतात ते बघायचं, हे तिचं काम. "आमची सूनबाई दिवसभर दगड फोडते, आणि वर पगार घेते," असं मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एकदा तिच्या वरिष्ठांनाही सांगितलं होतं.

कासव म्हणजे हिरव्या रंगाची, पाठीला गोलाई असलेली जुनी गाडी. कुणाच्या तरी गोदामात धूळ खात पडलेली मास्तरांनी पाहिली आणि भंगाराच्या भावात घरी आणली. नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. सून मात्र दिवा घेऊन गाडीखाली शिरली. त्या दिवसापासून सासरा आणि सून यांची जोडी जमली ती जमलीच. नुसती दुरुस्ती नव्हे, गाडी होती त्याहून चांगली करायची होती. पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक, नवं वायरिंग, एक गिअर जास्त. शिवाय मागच्या अंगणात छोटंसं वर्कशॉप बांधायचं ठरलं होतं. पक्की जमीन आणि मधोमध खड्डा, म्हणजे मास्तरांना पाठीवर सरपटायला नको.

परवानगीचा अर्ज गेला आणि तिथेच बसला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे सगळ्यांनाच पाठ असतं. पण नकाशा काढून देणाऱ्या माणसाने एक इशारा देऊन ठेवला होता. परवाना हातात येईपर्यंत अंगणात वीटसुद्धा ठेवायची नाही. जमिनीवर फरशीसारखं काहीही दिसलं तरी काम आधीच सुरू केलं असं लिहितील, आणि फाइल जाईल गठ्ठ्याच्या तळाला. म्हणून ताडपत्रीखाली, उघड्या मातीवर काम चाललं होतं. मातीवर गाडी घोड्यांवर ठेवायची तर घोड्यांचे पाय रुतणार, हे सुनेने पहिल्याच दिवशी सांगितलं. उंच टाचेची चप्पल रुतते, सपाट तळव्याची रुतत नाही, तेवढंच हे साधं. मास्तरांना ते लगेच पटलं. चार जाड फळ्या त्यांनी स्वतः कापल्या, घासल्या, आणि प्रत्येक घोडीखाली एक-एक बसवली.

आता मातीत बसल्या बसल्या तिची नजर कलंडलेल्या घोडीकडे गेली. तिच्याखाली फळी नव्हती. बाकीच्या तीन घोड्यांखालीही नव्हती. लोखंडी पाय थेट मातीत होते, आणि माती ओली होती, कारण मास्तरांनी कालच गाडीचं पोट पाण्याने धुतलं होतं.

"बाबा, फळ्या कुठे आहेत?"

"खालीच आहेत की," ते म्हणाले आणि वाकून पाहिलं. मग गुडघ्यांवर टेकून पुन्हा पाहिलं, दुसऱ्या बाजूने जाऊन पाहिलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाडीखालून बाहेर आले तेव्हाही तो असा नव्हता.

त्यानंतर ते भडकले. फळ्या काढल्या कोणी, अक्कल गहाण ठेवली होती का, घरात माणसं राहतात की माकडं, असं बरंच काही. तिने फोन करून नवऱ्याला बोलावलं होतं. त्याचं औषधांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. तो तसाच धावत आला, आणि वडील धडधाकट उभे दिसल्यावर त्याला रडूच फुटलं. पण मास्तरांनी त्याला रडूही दिलं नाही. हाच तो, म्हणाले, याला आवराआवरीची खोड आहे, लहानपणी माझे नट-बोल्टचे पाने उचलून कपाटात ठेवायचा. नवरा म्हणाला, मी सकाळपासून दुकानात आहे, मी कशाला हात लावू? आणि खरं सांगायचं तर सुनेचाही संशय त्याच्यावरच होता. या गाडीने घर खाल्लं, असं तो मागच्याच आठवड्यात बोलला होता. तिने त्याला आत नेऊन विचारलं, आणि विचारण्याचा सूर चांगला नव्हता. "तुला असं वाटतं?" एवढंच तो म्हणाला. तिला त्या क्षणी तसंच वाटत होतं.

फळ्या सापडल्या पाण्याच्या टाकीमागे. दोन आडव्या, त्यांवर दोन उभ्या, मधून वारा खेळेल अशा रचलेल्या. लाकूड रचण्याची ही रीत घरात एकाच माणसाची होती. नवरा रचायला गेला असता तर सरळ ढीग घातला असता. सून तिथे उभी राहिली आणि तिला ते दिसत असूनही कळेना. म्हणजे कळत होतं, पण कळलेलं आत घ्यायला मन तयार होईना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नकाशेवाला होता, मोठ्या खुशीत. सकाळी परवान्याच्या पाहणीला साहेब येऊन गेले होते, घरी मास्तर एकटेच होते. साहेबांनी चहा घेतला, अंगण पाहिलं आणि सगळं पसंत पडलं, हे मास्तरांनीही तिला दुपारी फोनवर सांगितलं होतं. आता परवाना आठवड्याभरात हातात पडेल, नकाशेवाला सांगत होता. मग हसत म्हणाला, "तुमचे सासरे फार काटेकोर हो. सकाळी फोन केला, गाडीखालच्या फळ्या काढू का, साहेबांना फरशी वाटेल. म्हटलं, काढाच. थोड्या वेळाने परत फोन. तेच, फळ्या काढू का? म्हटलं मास्तर, आत्ताच तर बोललो आपण. तर म्हणाले, खात्री केलेली बरी."

तिने काहीतरी उत्तर दिलं आणि फोन बंद केला. मास्तर खोटं बोलत नव्हते. फळ्या काढणाऱ्याला ते खरोखरच शोधत होते.

आणि मग एकामागून एक आठवू लागलं. ब्रेकचे सिलिंडर दोनदा आले होते. दुकानदाराचा घोळ म्हणून तिने त्याला फोनवर चांगलं झापलं होतं, आणि तो बिचारा सांगत होता की तुमच्याकडूनच दोनदा मागणी आली. डेपोतल्या त्या झोपाळू ड्रायव्हरचा किस्सा मास्तरांनी जेवताना सांगितला. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा सांगितला, तसाच, त्याच जागी थांबत. दोघं नवरा-बायको तेव्हा पुन्हा हसले होते. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून हसले होते. रोज ठोकळ्यांवरची केसाएवढी भेग शोधणारी बाई ती, आणि घरातलं हे तिला दिसलं नव्हतं.

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. मघाचा राग त्याच्या चेहऱ्यावरून पुसला गेला. मग म्हणाला, "मीच काढल्या म्हणून सांगतो. चार शिव्या खाईन, संपेल विषय."

"विषय संपेल," ती म्हणाली. "उद्या ते परत गाडीखाली जातील."

"त्यांना हे सांगणार कसं? आयुष्यभर त्या डोक्यावर जगलाय तो माणूस."

"म्हणूनच. त्या डोक्यावर भरवसा ठेवूनच ते खाली शिरतील."

तू सांग, तो म्हणाला, माझ्या तोंडून येणार नाही. माझ्या तोंडून तरी कुठे येणार आहे, असं तिच्या मनात आलं. पण ती अंगणात गेली.

मास्तर गाडीजवळ जमिनीवर पाय पसरून बसले होते. बॅटरीच्या उजेडात घोडीचे पाय तपासत होते आणि अजून पुटपुटत होते. डाव्या तळहातात लाकडाचं कुसळ गेलं होतं. ते नखाने काढायचा प्रयत्न मधेमधे चालला होता. ती शेजारी बसली. त्यांचा हात हातात घेऊन तिने कुसळ काढून दिलं. फळ्यांचंच कच्चं, ताजं लाकूड.

"कबूल झाला का तो?" त्यांनी विचारलं.

"बाबा, फळ्या तुम्ही काढल्यात."

ते हसले. सुनेने थट्टा केली की हसत तसेच. ती हसली नाही तेव्हा त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"मी?"

"सकाळी. साहेबांना फरशी वाटू नये म्हणून. नकाशेवाल्याला विचारलंत, त्याने काढा म्हटलं. टाकीमागे रचून ठेवल्यात तुम्ही."

त्यांनी टाकीच्या दिशेने पाहिलं. पण उठले नाहीत. आपल्याच हातांकडे बघत ते हलक्या आवाजात, जणू दुसऱ्या कुणाचं काम पारखत आहेत असं बोलू लागले. "म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला जॅक लावला असणार. गाडी उचलायची, घोडी काढायची, फळी ओढायची, घोडी परत. असं चारदा. तास गेला असेल. घाम आला असेल." ते थांबले. "साहेब आठवतात मला. त्यांनी बिनसाखरेचा चहा मागितला. त्यांच्या बुटाला चिखल लागला, मी पुसायला फडकं दिलं. पण हे नाही. हे कुणीतरी सांगतंय असं वाटतंय."

"चाकं मात्र तुम्ही सरकवली होतीत," ती म्हणाली. "म्हणून वाचलात."

"ते मी करत नाही गं. ते हातच करतात."

आत नवऱ्याने भांडी घासायला घेतली होती. नळ उगाचच मोठा सोडलेला ऐकू येत होता. मास्तरांनी बॅटरी विझवली आणि बाजूला ठेवली. गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"त्याला माहीत आहे?"

"हो."

"तो म्हणाला असेल, मी काढल्या म्हणून सांगतो."

तिने होकारार्थी मान हलवली. मग मास्तर तिच्याकडे तोंड करून बसले, डेपोत एखाद्या पोराकडून बिघाडाची हकीकत ऐकायला बसत असतील तसे.

"हे पहिल्यांदाच झालं का?"

हो म्हणणं अगदी जिभेवर होतं. त्या एका शब्दाने त्यांना आजची रात्र तरी झोप लागली असती.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुमच्याकडे ठोकळा कमी भाराला फुटला तर जास्त लिहिता का तुम्ही?"

"नाही."

"मग सांग."

"सिलिंडर दोनदा तुम्हीच मागवले होतेत, बाबा. दुकानदाराची चूक नव्हती."

त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते तिच्यावरच होते, आणि त्यात भीती होती. इतक्या वर्षांत तिने त्यांच्या डोळ्यांत ती कधी पाहिली नव्हती.

"पुढे," मास्तर म्हणाले.