दिवस मावळायच्या आत

निपाणीजवळच्या एका हायस्कूलात तारामतीबाई इंग्रजी शिकवायच्या. त्या दुपारी त्यांनी नववीच्या मुलींना ‘पुट युवर फूट डाउन’ समजावलं. "कुणी कितीही दबाव आणू दे, आपण ठामपणे नाही म्हणायचं आणि मागं हटायचं नाही. ओरडायची गरजच नसते." उद्या एकेक वाक्य लिहून आणा, असं सांगून त्या घाईनं घरी निघाल्या.

घाई लेकीसाठी होती. क्षमाला बेळगावात नर्सिंगला जागा मिळाली होती. सोमवारी हजर झाली नाही, तर जागा दुसरीला जाणार. आणि थोरले दीर कलगोंडाअण्णा यांनी आजच चिकोडीकडचं स्थळ बोलावलेलं. शिक्षण बंद, ही त्या लोकांची पहिली अट. नवरा गेल्यापासून घरात शब्द चालायचा तो अण्णांचा. बाईंचा चालायचा फक्त शाळेत, तोही घंटा होईपर्यंत.

"मी बोलले तर उलट बोलली म्हणतील," क्षमा म्हणाली. "आई, तू बोलशील न्हवं?"

"बोलतो की गं. सुपारी फोडायच्या आत बोलतो."

जैनांचं घर. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायलाच हवीत, मग दारात कुणीही येवो. पाच वाजून गेले तसे अण्णा स्वयंपाकघरात डोकावले.

"तारामती, पानं वाढ. दिवस बुडाया आला."

"अण्णा, क्षमाचं जरा बोलायचं हुतं."

"आधी जेवू दे. पाव्हणं उपाशी ऱ्हातील."

हे मात्र खरं होतं. पाहुण्यांना उपाशी ठेवून वाद कोण घालणार? एवढी पंगत उठू दे, असं म्हणून बाई वाढायला लागल्या, आणि तिथंच चुकल्या. चपाती, आमटी, पुन्हा चपाती. क्षमा दाराआडून आईकडं बघत उभी होती. पाहुणे हात धुऊन सोप्यात बसले, तेव्हा पश्चिमेला अजून तांबडं होतं. बाई खरकटी ताटं मागं ठेवून आल्या, तोवर सुपारी फुटली होती.

"तू कायतरी बोलणार हुतीस न्हवं?" अण्णांनी चारचौघांत, अगदी प्रेमानं विचारलं.

आता बोलायचं म्हणजे दिलेला शब्द मोडून घराची अब्रू वेशीला टांगायची. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"काय न्हाय, अण्णा. पानाचं तबक आणतो."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! बाईंना स्वतःची किळस आली. क्षमा रडली नाही. तिनं कॉलेजचं पत्र घडी घालून आईच्या शाळेच्या पिशवीत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला लाल पेन काढताना ते पत्र बाईंच्या हाताला लागलं. पहिलीच वही रूपालीची होती. पोरीनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘अवर टीचर ऑल्वेज पुट्स हर फूट डाउन.’

व्याकरणात कुठंच चूक नव्हती. बाईंनी बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.