गिरणीनंतरचं बीजगणित

आमच्या गावची कागद गिरणी बंद पडली, त्या वर्षी मी एक्केचाळीसची होते आणि रोलँड मिशो छप्पन्नचा. वीस वर्षं आम्ही एकाच पाळीत काढलेली; मी कागदाच्या रिळांवर, तो मागच्या आवारात ओंडके मोजायला. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात दुसरं काम नव्हतंच. मला नर्सिंगला जायचं होतं, पण प्रवेश परीक्षेत बीजगणित होतं, आणि माझं बीजगणित शाळेतच राहून गेलेलं.

वाचनालयात चार संगणक होते. ग्रंथपाल जॉर्जेटने खिडकीजवळच्या संगणकावर मला एक पुस्तक उघडून दिलं. दूर ऑरेगनमधल्या एका सरकारी कॉलेजातल्या इंग्रिड हाल्वर्सन या बाईंनी ते लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं होतं. पहिल्याच पानावर लिहिलेलं: हवं त्याने वाचावं, छापावं, सुधारावं.

रोलँड यायचा तो ऊब आणि फुकट कॉफीसाठी. नववीत शाळा सोडलेला माणूस. माझ्या मागे उभा राहून टोमणे मारायचा, "क्लोडेट, इतक्या वर्षांत तुला एक्स सापडला नाही, तो आता काय सापडतोय?"

एके दिवशी मात्र टोमणा अर्ध्यावर सोडून तो पुढे वाकला. पडद्यावर, एका ओंडक्यातून किती फळ्या निघतील, असं गणित होतं.

"हे चूक आहे," तो म्हणाला.

"पुस्तकातलं चूक कसं असेल?"

"बाईंनी जाड टोकाचा व्यास घेतलाय. ओंडका बारीक टोकाला मोजतात, तोही साल सोडून. मी असं मोजलं असतं तर मुकादमाने पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

"मग कळव की त्यांना."

"मी? कॉलेजच्या बाईंना?"

जॉर्जेट टेबलामागून म्हणाली, "सुधारावं असं लिहिलंय ना? का तेवढंही वाचता येत नाही?"

पत्राला तीन दिवस लागले. तो सांगायचा, मी टाइप करायचे. 'राग मानू नका' त्याने पाच वेळा घातलं होतं. जॉर्जेटने चार खोडले.

नवव्या दिवशी उत्तर आलं. 'मिस्टर मिशो, तुमचं बरोबर आहे. मी जन्मात एकही ओंडका मोजलेला नाही. आणखी कुठे चुकलेय का, बघाल?' गणित बदललं होतं, आणि आभाराच्या पानावर प्राध्यापकांच्या रांगेत त्याचं नाव होतं. रोलँडने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

"आणखी कुठे म्हणजे," तो पुटपुटला, "सगळं पुस्तकच वाचावं लागणार की."

त्या हिवाळ्यात त्याने ते वाचलं. अडलं की मला विचारायचा, म्हणून मला आधी समजून घ्यावं लागायचं. त्याला आणखी दोन चुका सापडल्या. तिसरी त्याचीच निघाली. त्याची बायको लुसील बकव्हीटच्या पिठाची गरम घावनं फडक्यात गुंडाळून पाठवायची, आणि 'इथे खाऊ नये' ही पाटी जॉर्जेट तेवढ्यापुरती उलटी करून ठेवायची.

वसंतात मी परीक्षा पास झाले. रोलँडने दिलीच नाही. "मला कुठे नर्स व्हायचंय?" म्हणाला. पण पुढची अकरा वर्षं, दर मंगळवारी, तो खिडकीजवळच्या त्याच संगणकापाशी बसून गिरणीतल्या बाकीच्यांना शिकवत राहिला.

मी आता बँगोर शहरात इस्पितळात नर्स आहे. नंतर मोठ्या वर्गांत, चांगल्या मास्तरांकडे शिकले. पण शिकणं म्हटलं की मला आठवतं, एका पडद्यासमोर खेटून बसलेले आम्ही दोघं, ओळ हरवू नये म्हणून काचेवर सरकणारं त्याचं जाड बोट, आणि "डाग पडतात रे, रोलँड!" असं ओरडणारी जॉर्जेट.